पानांना घाम फोडणारी टाकी

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसचा गड्डा कापला, की शेतातली ऊब त्याच्या पोटात तशीच राहते. तुटलेलं पानही श्वास घेतच असतं, आणि जितकं गरम तितकं लवकर सडतं. न्यूयॉर्कचा बाजार चार हजार किलोमीटरवर. गड्डा घट्ट, त्यामुळे शीतगृहात नुसता ठेवला तर आतली पानं गार व्हायला तासन्‌तास लागतात.

व्हॅक्यूम कूलिंगची टाकी थंड वारा सोडतच नाही. भरलेली खोकी पोलादी टाकीत ढकलायची, दार आवळायचं आणि हवा उपसायची. दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण 6 मिलिबारला तर शून्य अंशावरच. वाफ व्हायला लागणारी उष्णता मग ते पानांतूनच ओढून घेतं. माठाचीच युक्ती, पण घाईची : 25 अंशांचा गड्डा अर्ध्या तासाच्या आसपास एका अंशावर येतो. मोबदला वजनात द्यावा लागतो. दर 6 अंशांमागे सुमारे एक टक्का पाणी उडतं, म्हणजे टनामागे चाळीसेक लिटर. पंपाचं कौतुक होतं, पण एकट्या पंपाचं हे काम नव्हे. इतक्या कमी दाबाला एक किलो पाण्याची वाफ दोनशे घनमीटर जागा व्यापते! ती बाहेर ओढत बसण्यापेक्षा टाकीतल्याच गार नळ्यांवर तिचं पुन्हा पाणी करतात. टोमॅटो-बटाट्याला ही टाकी कुचकामी. त्यांना पानांसारखा पसारा नाही.

सॅलिनासमध्ये हे तंत्र 1950च्या दशकात रुळलं. त्याआधी गड्डे शेडमध्ये येत आणि लाकडी पेट्यांत बर्फाच्या चुऱ्यासकट भरले जात. शेडचे कामगार संघटित होते. 1936चा त्यांचा संप मालकांनी मोडून काढला होता. टाकी आली आणि पेटीतला बर्फ गेला. बर्फ नाही म्हटल्यावर पुठ्ठ्याचं खोकं चाललं, आणि खोकं तर शेतातच भरता येतं. शेडमधली भरणी अशी वावरात गेली, ती मेक्सिकोतून कराराने आणलेल्या, कमी मजुरीवर राबणाऱ्या ‘ब्रासेरों’च्या हाती. मला तरी वाफेच्या गणितापेक्षा ही उलथापालथ मोठी वाटते. ब्रासेरो योजना 1964मध्ये बंद झाली. 1970मध्ये सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेने याच खोऱ्यात संप पुकारला, तेव्हा काम थांबवणारे मजूर वावरातले होते.