फेलिक्सच्या शेपटाची करामत

मूकपटांच्या काळातली हलती व्यंगचित्रे म्हणजे नुसती पडापड आणि धोपटाधोपट, असा सुशिक्षितांचा एक लाडका समज आहे. पडापड त्यांत आहेच. पण ‘फेलिक्स’ नावाचे ते अमेरिकन काळे मांजर पडद्यावर आले, की मला वर्गात शिकवावा लागणारा श्लेष आठवतो. श्लेषात शब्द एक, अर्थ दोन; इथे रेघ एक आणि अर्थ मात्र वाटतील तितके!

१९१९ सालच्या ‘फेलाइन फॉलीज’ या पहिल्याच पटात मांजराला प्रेयसीसह फेरफटका मारायचा असतो, पण वाहन नसते. तेव्हा हा पठ्ठ्या हवेत तरंगणाऱ्या स्वरलिपीच्या खुणा पकडतो आणि त्यांचीच गाडी जुळवतो! पुढे तर डोक्यावर उमटलेले प्रश्नचिन्ह उपटून त्याचा आकडा करावा, शेपूट काढून हवे ते हत्यार बनवावे, हा त्याचा नित्यक्रमच झाला. आणि प्रेक्षकाला यात काही खटकत नाही. का खटकावे? मांजर शाईचे, प्रश्नचिन्हही शाईचेच. केळाच्या सालीवरून घसरणारा माणूस सृष्टीच्या नियमाने पडतो. फेलिक्स तो नियमच वाकवून खिशात घालतो. (मांजराला खिसा कुठला, हे विचारू नये. लागला तर तो काढील!)

१९२३ च्या ‘फेलिक्स इन हॉलिवुड’मध्ये तो शेपटाची काठी करून चॅप्लिनची नक्कल करतो, तोच चित्रातला चॅप्लिन धावून येऊन त्याच्यावर चोरीचा आळ घेतो. आळ अगदीच खोटा नव्हता. फेलिक्स रेखाटणारा ऑटो मेस्मर पूर्वी चॅप्लिनचीच हलती व्यंगचित्रे काढीत असे. हात पाठीशी बांधून विचारमग्न येरझारा घालणारे मांजर पाहावे, म्हणजे तो अभ्यास वाया गेला नाही हे पटते.

या मेस्मरचे नाव मात्र पडद्यावर नसे. तिथे झळके ते चित्रशाळेचे मालक पॅट सलिव्हन यांचे. सलिव्हन १९३३ साली वारले, मेस्मर १९८३ साली. आज बहुतेक अभ्यासक फेलिक्सचे श्रेय मेस्मरला देतात. पण ते मिळेतो माणूस म्हातारा झाला होता.

१९२८ साली ‘स्टीमबोट विली’त मिकी उंदीर आवाजासकट आला आणि फेलिक्स मागे पडला. त्यात एक बोकड गाण्याचे कागद खातो. मग त्याचे शेपूट पिळले, की तोंडातून गाणे! कल्पना फक्कड आहे, पण शेपूट कुणाच्या घराण्यातले, ते ओळखू येते.

फेलिक्सचे पट आज घरबसल्या पाहता येतात. पाहताना मागून जोडलेले वाद्यसंगीत तेवढे बंद करावे. पोरे हसायची थांबत नाहीत.