सतरा नावांची जमीन

"पावसात सगळीच जमीन बरी दिसता. घेवची आसात तर मे म्हयन्यात येवा." कुडाळजवळच्या एका गावातल्या निवृत्त मास्तरांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि आम्ही जुलैची तिकिटं रद्द केली.

नवऱ्याची गुरगावातली नोकरी संपत आली होती. पुढचं आयुष्य थोड्याशा जमिनीवर काढायचं एवढं ठरलं होतं. हरियाणात जमीन किल्ल्यांत मोजतात. एक किल्ला म्हणजे एक एकर, म्हणजे आठ कनाल. सपाट, चौकोनी, आखून दिलेली. भाव मात्र शहराच्या सावलीतले, आपल्या आवाक्याबाहेरचे. सिंधुदुर्गात एकर दोन एकर जमेल असा हिशेब होता. पण इथली जमीन चौकोनात बसत नाही. तिची हद्द कुठे व्हाळ ठरवतो, कुठे गडगा, कुठे कुणाच्या आज्याने लावलेला आंबा.

आधी प्रश्न आला आम्हीच शेतकरी आहोत का याचा. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नवऱ्याच्या नावावर कुठेच शेत नाही. माझ्या वडिलांच्या माघारी माण तालुक्यातल्या बाजरीच्या रानावर काकांबरोबर आम्हा बहिणींचीही वारस म्हणून नोंद झाली होती. त्या कोरड्या रानाचा आम्हाला कधी उपयोग झाला नव्हता. तिथल्या सात-बारा आणि आठ-अ वर तहसीलचा शेतकरी दाखला मिळाला आणि खरेदी माझ्या एकटीच्या नावावर करायचं ठरलं.

मग दलालांच्या जमिनी पाहणं सुरू झालं. दलाल आधी उंचवट्यावर नेतो, समुद्राकडे बोट दाखवतो. मास्तर मात्र हातात पहार घेऊन यायचे. कातळाच्या सड्यावर गवत कितीही छान असलं तरी पहार वीतभर गेली की ठण्ण वाजते. तिथे आंबा लावायचा तर सुरुंगाने खड्डे फोडावे लागतात आणि माती बाहेरून आणून भरावी लागते. भरड जमिनीत काजू येतो. सात-सात मीटरवर लावला तर एकरात ऐंशीएक झाडं बसतात आणि पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर तो पाण्यासाठी फारसा हट्ट धरत नाही. नारळाचं तसं नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने माडांमध्ये जायफळ, मिरी, दालचिनी लावायची 'लाखी बाग' लोकप्रिय केली. ती आम्हाला हवी होती. साडेसात मीटरवर माड धरले तर पाऊण एकरात पन्नासच्या आसपास बसतात. पण त्यांना उन्हाळाभर पाणी पाहिजे.

आणि इथला पेच तोच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. जांभा दगड पाणी पितो आणि सोडूनही देतो. त्यामुळे विहिरीला पाणी आहे का हा प्रश्न निरुपयोगी. मास्तर संध्याकाळी पंप लावायला सांगायचे, विहीर तळाला न्यायचे, काठाच्या चिऱ्यापासून दोरी सोडून खूण करायचे आणि सकाळी पुन्हा मोजायचे. रात्रीत किती भरलं, हे खरं उत्तर. मे महिन्यात हात-दोन हात भरणारी विहीर त्यांच्या मते घेण्याजोगी.

अशी विहीर असलेला तीस गुंठ्यांचा एक तुकडा मिळाला. खाली भाताचे दोन कोपरे, वर भरड, मध्ये जुना चिऱ्यांचा गडगा. सात-बारा काढला तेव्हा त्यावर नावं होती 17.

जमीन जितकी लहान तितकी नावं जास्त, हा कोकणातला अनुभव. तीन भाऊ मुंबईला गिरणीत गेले, त्यांची मुलं उपनगरांत पांगली, बहिणी गोव्यात आणि बेळगावात दिल्या. वाटप कधी झालंच नाही, कारण गणपतीला सगळे एकाच घरात उतरायचे. सात-बारा मात्र प्रत्येक मृत्यूनंतर लांबत गेला. कायद्याने यातला एक जण आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. पण तो हिस्सा नेमका विहिरीचा की कातळाचा, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून सही हवी सगळ्यांचीच.

इतर अधिकाराच्या रकान्यात आणखी एक ओळ होती: कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र. म्हणजे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर याच कुटुंबातल्या कुणीतरी कूळ म्हणून ही जमीन मिळवली होती. आज राबती दिसणारी वाडी एका पिढीपूर्वी खोताच्या नावावर होती, हे त्या ओळीने कळलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीला, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर, शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून मोकळीक मिळते. आकार काही रुपयांतच असल्याने रक्कम किरकोळ होती. वेळ गेला तो जुने हस्तलिखित फेरफार शोधण्यात.

सह्यांचं काम मास्तरांनी केलं. मुंबईकरांनी नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं. एक भाऊ वारला होता, त्याच्या वारसांची नोंदच नव्हती, ती आधी करावी लागली. त्यांच्या गोव्यातल्या, डिचोलीच्या आत्याने पैशांबद्दल एक शब्द काढला नाही. "सही करतंय," म्हणाली, "पण विहिरीकडच्या झाडाचे रतांबे माका होये." खरेदीखतात असं कलम नसतं. मे महिन्यात रतांब्यांची एक पाटी तिच्याकडे जाते.

खरेदीआधी मोजणी करून घेतली. भूमी अभिलेखच्या भूकरमापकाने शेजाऱ्यांना नोटिसा देऊन खुणा केल्या, तेव्हा एका बाजूला गडगा हद्दीच्या हातभर आत निघाला. शेजारी ताठ उभे राहिले. आम्ही गडगा आहे तिथेच राहू दिला. आमच्या वाटेचा उतार त्यांच्याच बांधावरून जातो. रस्त्यासाठी महसूल कायद्याचं कलम 143 आहे, तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण रोज ज्याच्या दारावरून जायचं त्याच्याशी कलमाने बोलण्यापेक्षा हातभर माती सोडणं स्वस्त पडलं.

खरेदीखत झालं, फेरफाराची नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. तेवढ्या महिन्यांत गावाने आम्हाला पारखून घेतलं होतं. सही मागायला गेलेल्या प्रत्येक घरात आमची चौकशी झाली होती: मूळचे कुठले, शेती खरंच करणार की बंगला बांधून कुलूप लावणार. एका दिवसात, एका मालकाकडून ही जमीन मिळाली असती तर पहिला माड लावायला मदतीला कोण आलं असतं, मला शंका आहे.

आता सात-बाऱ्यावर एकच नाव आहे, माझं. मला दोन मुली, एक बंगळुरूला, एक पुण्यात. काही न करता मी गेले तर पुढच्या पन्नास वर्षांत इथे पुन्हा सतरा नावं होतील आणि कुणीतरी परगावचा माणूस त्यांच्या सह्या गोळा करत फिरेल. म्हणून माड लावून होताच वकिलाकडे मृत्युपत्र केलं. जमीन एकीलाच, दुसरीला तेवढ्या किमतीचं दुसरं काही. दोघींशी बोलूनच केलं. धाकटीने फक्त रतांब्यांच्या पाटीचं विचारलं. ती जायलाच हवी, एवढं तिने लिहून घ्यायला लावलं.