खाडीचें हिरवें स्वयंपाकघर

मालाडच्या पश्चिमेस, मार्व्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें असतां दगडांस चिकटलेलें हिरवें शेवाळ सहज दृष्टीस पडतें. पाय घसरविणारी वस्तु, याहून अधिक विचार आपण त्याचा सहसा करीत नाहीं. परंतु आपल्या ताटांतील वरणास जें द्रव्य पौष्टिकपणा आणतें, तें नत्र कमावण्याचा उद्योग हें शेवाळही चालवीत असतें. आणि खाडीचें बरेंवाईट त्या उद्योगाशीं निगडित आहे. म्हणून त्याची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उपनगरांतील शेवाळाचा शास्त्रीय अभ्यास नवा नाहीं. वांद्र्याच्या एका तळ्यांतील शेवाळें ऋतुमानाप्रमाणें कशीं पालटतात, यावरील गोन्साल्विस व जोशी यांचा निबंध १९४६ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला होता.

प्रथिनांत सुमारें १६ टक्के नत्र असतें. हवेंत तर तें ७८ टक्के आहे. पण हवेंतील नत्र हिरव्या शेवाळास पचत नाहीं. त्यास पाण्यांत विरघळलेल्या नायट्रेटावर किंवा अमोनियावर गुजराण करावी लागते. हे पदार्थ पचविण्याचें काम एन्झाइम करतात. एन्झाइम म्हणजे पेशींतील विशिष्ट प्रथिनें. प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें.

पहिलें एन्झाइम नायट्रेट रिडक्टेज. लोह व मॉलिब्डेनम या धातूंच्या साह्यानें तें नायट्रेटास दोन इलेक्ट्रॉन देऊन त्याचें नायट्राइट करतें. नायट्राइट साचल्यास पेशीस अपाय होतो; म्हणून तें लागलीच हरितकणांत जातें. तेथें नायट्राइट रिडक्टेज हें दुसरें एन्झाइम त्यास सहा इलेक्ट्रॉन देऊन त्याचा अमोनिया बनवितें. हे इलेक्ट्रॉन सूर्यप्रकाशाच्या बळावर मिळतात. नायट्रेटाच्या या रूपांतराचे प्रयोग वारबुर्ग व नेगेलाइन या जर्मन शास्त्रज्ञांनीं क्लोरेला नांवाच्या शेवाळावर केले व १९२० सालीं प्रसिद्ध केले.

पुढील क्रिया आमच्या भगिनींस ओळखीची वाटेल. तिसरें एन्झाइम अमोनियास ग्लुटामिक आम्लाशीं जोडून ग्लुटामीन तयार करतें. चौथें एन्झाइम त्या ग्लुटामिनांतील नत्राचा एक वांटा दुसऱ्या एका आम्लास देतें, आणि एकाच्या जागीं ग्लुटामिक आम्लाचे दोन रेणू होतात. एक प्रथिनांच्या कामीं येतो. दुसरा पुढील अमोनिया बांधण्यासाठीं राखला जातो. दह्यांतून उद्यांचें विरजण बाजूस काढून ठेवावें, तसाच हा प्रकार होय. वनस्पतींतील हा मार्ग ली व मिफ्लिन यांनीं १९७४ सालीं दाखवून दिला.

शेवाळ काटकसरीही आहे. आयता अमोनिया मिळूं लागला कीं तें नायट्रेट पचविण्याचें एन्झाइम बनविणें बहुतांशीं थांबवितें. आठ इलेक्ट्रॉनांचा खर्च वांचत असतां तो कोण करील?

येथें मालाडच्या खाडीचा प्रश्न उपस्थित होतो. ओशिवरा नदी व अनेक नाले वस्तीचें सांडपाणी या खाडींत आणून सोडतात. मूत्रांतील युरियाचा सूक्ष्म जंतूंमुळें अमोनिया होतो, आणि शेवाळापुढें जणू पंगतच मांडली जाते. मग तें बेसुमार वाढूं शकतें. दिवसा तें पाण्यास प्राणवायु देतें. रात्रीं स्वतःच घेतें. मेल्यावर कुजतांना तर पाण्यांतील प्राणवायु झपाट्यानें संपतो, मासे गुदमरतात आणि त्याची झळ कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत पोंचते.

शेवाळ पाणी शुद्ध करतें, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. तें नत्र नाहींसें करीत नाहीं, केवळ आपल्या अंगीं बाळगतें. शेवाळ वेळींच पाण्याबाहेर काढलें, तरच त्यांतील नत्रही बाहेर पडतें. तेथेंच कुजलें, तर बरेंचसें पुन्हां पाण्यांत उतरतें.

मुंबईच्या मलनिःसारणासाठीं जे सात विभाग केलेले आहेत, त्यांत मालाड हा एक आहे. आपल्या न्हाणीघरांतून व शौचकूपांतून गेलेल्या पाण्याचें पुढें काय होतें, ही चौकशी त्यामुळें केवळ अधिकाऱ्यांनीं करावयाची नव्हे. खाडींत पडण्यापूर्वींच तें पाणी शुद्ध व्हावें, असा आग्रह प्रत्येक कुटुंबानें धरावा. त्या चार एन्झाइमांच्या कामालाही मर्यादा आहे. तिच्यापलीकडचें ओझें आपण खाडीवर लादूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.