राजपुत्रा, येतोस ना?

साठ मिनिटं, एक तळघर, पांढऱ्या कपड्यांतला सडपातळ पोरगा आणि पाय ठेवला की निखळून पडणारी फरशी. बस्स! ज्यांनी नव्वदच्या दशकात घरच्यांकडून कॉम्प्युटर क्लासची फी उकळली, त्यांना तिथे नक्की काय शिकलो हे आज आठवायचं नाही. पण डॉसच्या काळ्या स्क्रीनवर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप केलं की चीट चालू व्हायचं, हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आमची बॅच त्यानंतरची. आमचा प्रिन्स थ्रीडीत होता, भिंतीवरून आडवा धावायचा आणि उडी चुकली तर चक्क वेळच मागे फिरवायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या होस्टेलला हवी असलेली सोय!

तर हा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सध्या कुठे आहे? हवेत. उडी मारलीय, पलीकडची कड हाताला लागलेली नाही. २१ जानेवारी २०२६ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराची फेररचना जाहीर केली आणि सोबत सहा गेम रद्द केले. त्यात ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेकही गेला. हवा तसा दर्जा अजून आलेला नाही, आणि तो आणायचा तर आणखी वेळ नि पैसा ओतावा लागेल, असं त्यामागचं कारण. गंमत बघा (गंमत कसली, कपाळ!), हा रिमेक पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा त्याची रिलीजची तारीख होती २१ जानेवारी २०२१. पाच वर्षांनी, बरोब्बर त्याच तारखेला, त्याच्यावर पडदा पडला.

तेव्हापासून ‘पुढचा प्रिन्स कसा हवा’ हा विषय मी जिथे जमेल तिथे काढतेय. ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये. ज्यांना कळतो ते अर्धा तास सोडत नाहीत. आणि या गप्पांमध्ये एक गोष्ट सारखी निसटते : या रिमेकची सुरुवात पुण्या-मुंबईत झाली होती.

भावाला पळवलं, प्रिन्स घडला

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. जॉर्डन मेकनर हा अमेरिकन पोरगा नुकता कॉलेजातून बाहेर पडला होता. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पार्किंग लॉटमध्ये पळायला नि उड्या मारायला लावलं, ते व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलं आणि एकेक फ्रेम गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. तलवारबाजी घेतली १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून. संगीत वडिलांनी दिलं. म्हणजे अगदी घरगुती उद्योग! १९८९ मध्ये अ‍ॅपल टू या मशीनवर गेम आला, तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणूस इतका माणसासारखा हलताना कुणी पाहिला नव्हता.

त्यातही माझी लाडकी गोष्ट म्हणजे तो सावलीमाणूस. मशीनची मेमरी संपत आली होती, नवीन शत्रूचं चित्र ठेवायला जागाच नव्हती. मग मेकनरने प्रिन्सच्याच चित्राला थोडी उलटापालट करून त्याची सावली तयार केली. आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते आणि पुढे नेमकी नको तिथे आडवी येते. शेवटी समोरासमोर आलात की तिला मारता येत नाही, कारण तिच्यावरचा वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करायची आणि चालत जायचं. मेमरीच्या टंचाईतून एवढं भारी काही निघू शकतं, हे आपल्याकडच्या वन-रूम-किचनवाल्यांना वेगळं सांगायला नको.

१९९३ चा दुसरा भाग ठीक, १९९९ चा पहिला थ्रीडी भाग विसरावा असा. मग २००३ आलं आणि युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने ‘सँड्स ऑफ टाइम’ काढला. कथा मेकनरचीच.

महाराजाची मुलगी

या गेमची सुरुवात होते आपल्याकडे. पर्शियाचा राजा शहरामान आपल्या मुलाला घेऊन भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून येतो. दरवाजा उघडून देतो तो महाराजाचाच फितूर वजीर. राजपुत्र काळावर सत्ता चालवणारा खंजीर लुटतो, वाळूचं भलंमोठं घड्याळही लुटीत जातं आणि महाराजाची मुलगी फराह कैदी होते. पुढे वजिराच्या नादी लागून प्रिन्स ते घड्याळ उघडतो आणि बघता बघता सगळ्या माणसांचे वाळूचे राक्षस होतात. उरतात तिघं : तो, वजीर आणि फराह.

बाकी गेमभर या दोघांची जोडी. ती धनुष्य चालवते, भिंतीच्या फटीतून सरकून पलीकडून दरवाजा उघडते आणि याला टोमणे मारते. तो आपल्याच मनाशी बोलत, चडफडत, हळूहळू प्रेमात पडतो. तिचं घर लुटणारा तोच आहे, हे मात्र गेम विसरत नाही. अख्खी गोष्ट प्रिन्स कुणाला तरी सांगतोय, त्यामुळे आपण खड्ड्यात पडलो की तो मध्येच थांबून ‘छे, असं नव्हतं झालं’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. मरणाचासुद्धा गोष्टीत वापर! लोक आजही हळवे होतात ते यासाठी.

नंतर २००४ मध्ये ‘वॉरियर विदिन’ आला. प्रिन्स रागीट झाला, पार्श्वभूमीला धडाम-धुडूम मेटल संगीत. अर्ध्यांना प्रचंड आवडला, अर्ध्यांनी डोक्याला हात लावला (मी दुसऱ्या गटात). २००५ ला ‘द टू थ्रोन्स’ने गोष्ट पुरी केली. आणि या सगळ्यांत एक घरभेदी निघाला. प्रिन्सचाच पुढचा भाग म्हणून सुरू झालेल्या एका प्रोजेक्टचं ‘असॅसिन्स क्रीड’ झालं, २००७ ला आलं आणि धाकट्याने सगळं घर बळकावलं. २०१० च्या ‘द फरगॉटन सँड्स’नंतर मोठा थ्रीडी प्रिन्स आलेलाच नाही.

पुण्यात काय शिजत होतं?

सप्टेंबर २०२० मध्ये रिमेकचा ट्रेलर आला, तो बनवत होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई हे दोन स्टुडिओ. पुण्याचा २००८ पासून कंपनीकडे आहे, मुंबईचा २०१८ ला सुरू झाला. आपल्याकडच्या गेम स्टुडिओंच्या वाट्याला एरवी येतं ते मदतनिसाचं काम : कुणाच्या तरी गेमचं टेस्टिंग, कुणाच्या तरी शहरातली झाडं नि खुर्च्या. इथे मात्र पडद्यावरची राजकन्या भारतातली आणि गेम घडवणारेही भारतातले. सॉलिड योग होता!

जगभरच्या फॅन्सनी ट्रेलर बघितला आणि सोलून काढला. चेहरे प्लास्टिकचे, प्रकाश जुनाट, दहा वर्षांपूर्वीचा गेम वाटतो. यातलं बरंचसं खरं होतं. ट्रेलर फिकाच होता. पण टीका तिथे थांबली नाही. ‘भारतात बनवला, म्हणून असा’ हा सूर लागला आणि तो लावणाऱ्यांत आपलेच लोक मागे नव्हते. ज्या हिंजवडीत आणि ऐरोलीत बसून आपण जगाचं सॉफ्टवेअर चालवतो, तिथलाच माणूस ‘आपल्या लोकांना हे जमत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला नक्की काय म्हणायचं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तारीख आधी मार्च २०२१ वर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम काढून माँट्रियलकडे दिलं. फॅन्स खूश! मूळ घर, मूळ माणसं, आता बघाच. २०२४ च्या जूनमध्ये एक मेणबत्ती दाखवणारा छोटासा टीझर आला, ‘२०२६’ असं वचन मिळालं आणि २०२६ उजाडताच काय झालं ते वर सांगितलंच. माँट्रियललाही जमलं नाही. म्हणजे दुखणं नकाशावर नव्हतं. वीस वर्षांपूर्वीचा गेम लोकांच्या डोक्यात जसा दिसतो, तसा तो कधीच दिसत नव्हता, आणि त्या आठवणीशी बरोबरी करायला कुठल्याही शहरातल्या टीमला अवघडच जाणार.

मग हवंय तरी काय?

माझ्या सर्व्हेत (सॅम्पल : मित्र, मैत्रिणी, एक डेंटिस्ट) पहिली मागणी एकच. मोठा थ्रीडी प्रिन्स, वेळ मागे फिरवणारा, शंभर तासांचा नकाशा नसलेला. ऑफिसातून घरी आल्यावर दोन तास खेळून दोन आठवड्यांत संपेल असा. ही मागणी मला सगळ्यात शहाणी वाटते. जबाबदाऱ्या वाढल्यावर माणसाला गेम छोटा लागतो.

दुसरी, २००८ च्या ‘प्रिन्स’ची गोष्ट पुरी करा. जादूगार राजकन्या एलिकाला जिवंत करण्यासाठी नायक कोंडलेल्या अहरिमानला मोकळं सोडतो आणि गेम संपतो. पुढचं छोटं प्रकरण निघालं, ते फक्त कन्सोलवर. पीसीवाले तिथेच लटकलेत.

तिसरी मागणी मैत्रिणींकडून आली आणि मी तिला दोन्ही हात वर करून मत देते : फराहचा गेम. तिचा राजवाडा, तिचे वडील, घरातला फितूर वजीर आणि दारात आलेलं पर्शियन सैन्य. तीच गोष्ट तिच्या बाजूने. आणि ती पुण्यातल्या पोरापोरींनी केली तर? स्वप्न बघायला जीएसटी नाही.

मात्र फॅन्सना एक गोष्ट ऐकवायला हवी. नवा, उत्तम प्रिन्स आलाय हो! जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. टूडी, बाजूने दिसणारा, मूळ गेमच्या रक्ताचा. नायक सार्गोन नावाचा योद्धा, काफ पर्वतावर काळ विस्कटलेला, आणि चक्क फारसी भाषेत खेळायची सोय. नकाशावर अडलेल्या जागेचा फोटो डकवून ठेवता येतो, म्हणजे दोन दिवसांनी परत आलात तरी ‘आपण कुठे होतो’ हे शोधत बसावं लागत नाही. याच्याही पहिल्या ट्रेलरवर नाकं मुरडली गेली : रॅप कशाला, हा प्रिन्स कुठे वाटतो. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री कंपनीच्या अपेक्षेला पुरली नाही आणि त्याच वर्षी ती टीम विखुरली. ‘डेड सेल्स’वर काम केलेल्या मंडळींचा ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाला, तोही झकास. पण गप्पांमध्ये याचं नाव काढलं की समोरचा विचारतो, हा कधी आला?

फेररचनेत प्रिन्सचं नाव पुसलेलं नाही. रेमनसारख्या जुन्या मंडळींबरोबर त्याला एका नव्या विभागात बसवलंय. तिथे कुणी काही लिहीत, रेखाटत असेल तर उत्तम. तोवर जुनं त्रिकूट पीसीवर मिळतं, ऑफिसच्या लॅपटॉपलाही झेपेल (आयटीवाल्यांना विचारू नका). आणि ‘द लॉस्ट क्राउन’ २०२५ पासून मोबाइलवरही आहे. विरार फास्टमध्ये उभ्याने खेळायचा असेल तर एकच सूचना : अंधेरीला चढणाऱ्या गर्दीत सार्गोनला भिंतीवरून भिंतीवर उड्या मारायला लावू नका. कोपर लागतंच.