जखमी खेळाडूचं वजन किती? सट्ट्याच्या भावामागचं गणित

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, युरोपातल्या फुटबॉलपटूच्या गुडघ्याशी लातूर-नांदेडच्या पोरांना काय देणंघेणं? पण शनिवारी रात्री होस्टेलच्या खोल्यांतून मोबाइलवर काय चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘अमका जखमी आहे, आज ती टीम हरणारच. लावून टाक.’ आज आपण या एका वाक्याची तपासणी करू.

कायद्याचं आधीच सांगतो. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली फुटबॉलवरचा सट्टा बेकायदा आहे. सवलत आहे ती घोड्यांच्या शर्यतींना, तीही अटींवर. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. पण कायदा बाजूला ठेवला तरी गणित काय म्हणतं, ते बघू.

दोन विश्वचषक घ्या. १९६२ साली ब्राझीलचा पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. सगळे म्हणाले असतील, संपलं. पण त्याच्या जागी आमारिल्दो आला, स्पेनविरुद्ध दोन गोल केले, आणि ब्राझीलने चषक जिंकला. २०१४ साली नेमारच्या पाठीच्या मणक्याला दुखापत झाली आणि उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने धुतलं. लोक म्हणतात, नेमार नव्हता म्हणून. पण त्याच सामन्यात कर्णधार थियागो सिल्व्हाही नव्हता, पिवळ्या कार्डांमुळे तो बाहेर होता. सिल्व्हा बचावपटू, नेमार आक्रमक. सात गोल खाल्ले, तेव्हा उणीव कुणाची जास्त भासली असेल? त्या एका सामन्यावरून पक्कं काही सिद्ध होत नाही. पण पेपरात ज्याचं नाव मोठं, त्याचंच वजन मोठं असं नसतं, एवढं दिसतं.

म्हणून पहिलं सूत्र: दुखापतीचं वजन म्हणजे खेळाडू वजा बदली खेळाडू. ‘तो किती भारी’ हा प्रश्नच अर्धा आहे. त्याच्या जागी कोण येतोय, हा उरलेला अर्धा.

दुसरं सूत्र: एकाच जागी भोकं किती पडली? लिव्हरपूल २०२० चा विजेता. ऑक्टोबरमध्ये व्हॅन डाइकचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये गोमेझ गेला, मग माटिपही. तिघेही मधल्या बचावातले. पहिल्याचा बदली दुसरा, आणि दुसराच नाही! मधल्या फळीतले खेळाडू मागे ओढावे लागले, म्हणजे तिथेही भोक. त्या हंगामात लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरलं.

आता खरा मुद्दा. समजण्यापुरते आकडे घेऊ. तो खेळाडू असताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के, बदली असताना ४४. खेळेल की नाही हेच अर्धं-अर्धं असेल, तर मधला आकडा ४७. म्हणजे ‘हरणारच’ म्हणून ओरडतो तो फरक तीन ते सहा टक्क्यांचा. आणि तोही भावात आधीच धरलेला असतो.

हे आपल्याला नवीन नाही. पावसाने ताण दिल्याची बातमी पेपरात वाचून लातूरच्या आडतीवर जा आणि कालच्या भावात सोयाबीन माग. देईल कुणी? बातमी तुला कळायच्या आत भाव हललेला असतो. फुटबॉलमध्येही संघाची यादी सामन्याच्या साधारण तासभर आधी जाहीर होते आणि काही मिनिटांत भाव फिरतो.

त्यात बुकीची कटौती. समजा भाव आहेत विजय २.१०, बरोबरी ३.४०, पराभव ३.५०. एकाला प्रत्येक भावाने भागा: ४७.६, २९.४, २८.६. बेरीज १०५.६. शक्यतांची बेरीज शंभर हवी ना? वरचे ५.६ म्हणजे त्याचा नफा. भाव अचूक असले, तर शंभर रुपये लावणाऱ्याला सरासरी पंच्याण्णवच्या आत परत मिळतात. हंगामभर असंच लावत गेलात, तर मेसचे पैसे कुठे गेले हे घरी सांगायची वेळ येते.

एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘सर, बातमी सगळ्यांच्या आधी कळली तर?’ आधी कळते ती क्लबच्या डॉक्टरला, प्रशिक्षकाला, खेळाडूला. इंग्लंडमध्ये तर या लोकांना फुटबॉलवर पैज लावायलाच मनाई आहे. आपल्या मोबाइलवर येते ती शिळी झालेली बातमी.

तरी ज्याला आपल्या अंदाजावर विश्वास आहे, त्याने एक वही करावी. सामन्याआधी लिहायचं: कोण जखमी, बदली कोण, माझ्या मते शक्यता किती, भाव किती. पन्नास सामने, एक पैसाही न लावता. मग हिशोब करा. खेळ जास्त कळेल, गणितही कळेल. आणि ज्याचे पैसे आधीच अडकलेत, त्याने ‘पुढच्या सामन्यात काढतो’ म्हणू नये. आज रात्रीच घरी फोन करून सांगावं.