डांगराचं दाट सूप, साईशिवाय

आमच्या शिरूर-दौंडकडच्या घरांत कद्दू म्हटलं की दुधी भोपळा, आणि तो दालच्यात. प्रेषित मुहम्मद (स.) थाळीच्या कडेकडेनं भोपळ्याच्या फोडी शोधून खात, असं हजरत अनस (र.) सांगतात; तेव्हा त्याचा मान मोठाच. लाल भोपळा, म्हणजे डांगर, मात्र घारग्यांपुरतं उरतं.

दात गेलेल्या दादीसमोर दस्तरखानावर रोज वेगळी पेज ठेवणं आम्हाला बरं वाटत नाही. सगळ्यांनी खावं आणि तिलाही जमावं, असं हे सूप आहे.

अर्धा किलो डांगराची साल काढून फोडी करा. चमचाभर तुपात कांदा, चार लसूणपाकळ्या, आल्याचा तुकडा परता. मग फोडी घालून कडा तांबूस होऊ द्या. इथं घाई केली तर सूप नुसतं गोडमिट्ट लागतं. दोन चमचे धुतलेली मसूर डाळ आणि दोन वाट्या पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या काढा. दाटपणा डाळीनं येतो. साय नको, कॉर्नफ्लोअरही नको. तूप मात्र वगळू नका. डांगराच्या केशरी रंगातून मिळणारं ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच.

निवल्यावरच मिक्सरला लावा, गरम वाफेनं झाकण उडतं. मग वाटीभर दूध, मीठ, मिरपूड घालून मंद आचेवर गरम करा. टोमॅटो टाकायचा मोह आवरा, दूध फाटेल.

बिया धुऊन, वाळवून तव्यावर भाजा. त्या पोरांना.