गुडघ्याची तक्रार

रायपूरच्या गोल बाजारात पिशवी घेऊन हिंडताना एखाद्या आजोबांचा गुडघा कुरकुरू लागला, की तरुणपणीच्या कबड्डीला बोल लावला जातो. हा आरोप सर्वस्वी न्याय्य नव्हे. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीच्या दाबाने सांध्यातील द्रव तिच्यात खेळतो आणि तिचे पोषण होते. म्हणून बेताचा खेळ सांध्यांना हितकरच. खरा वैरी दुखापत. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव गुडघ्याच्याच दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिकला मुकले. गुडघ्यातील अस्थिबंध किंवा गादी एकदा फाटली, की दहा-वीस वर्षांनी सांध्याची झीज डोके वर काढू शकते. सुजलेल्या गुडघ्याने मैदानात उतरण्याचे शौर्य महागच! मांडीचे स्नायू पूर्ववत बळकट होईपर्यंत घरच्यांनी खेळाडूस थोपवून धरावे.